ठकूच्या झबल्यातलं मेडल

३ फेब्रुवारी, सोमवार

ठकू रांगायला लागली. पण मागे! खेळण्याकडे बघते, जोर लावते आणि त्याच्यापासून लांब जाते. मग खेळण्यावर चिडून रडते, जसं काही तेच पळून गेलं. मी एकटीच हसत बसले होते. एवढी मोठी गंमत आणि बघायला दुसरं कुणी नाही, म्हणून इथे लिहिते.

लेक कामावर जायला लागल्यापासून दिवसभर ठकू माझ्याकडे असते, म्हणजे मी त्यांच्याकडे असते. सकाळी दोघं बाहेर पडले की घर आम्हा दोघींचं. दुपारी ती माझ्याशेजारी मोठ्या पलंगावर झोपते, पाळण्यात टाकवत नाही मला. जावई म्हणतो, आजी आणि नातीचे दात एकत्र केले तरच एक माणूस पुरा होईल. बोलतो कमी, पण बोलला की असं. लिफ्ट दुरुस्त करतो तो, उंच उंच इमारतींच्या. देवाधर्माचं निघालं की खाली मान घालून स्क्रू शोधायला लागतो. स्क्रू पडलेला नसला तरी. लग्न चर्चमध्ये केलं तेही लेकीखातर, मिस्साच्या प्रार्थनेभर उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी ते शेजारच्याचं बघून करत होता.

त्याचा एक नियम आहे. ठकूच्या अंगावर काही घालायचं नाही. साखळी नाही, दोरा नाही, मेडल तर नाहीच. "आई, ती सगळं तोंडात घालते. तुमच्या मेडलांशी माझं भांडण नाही, पण ती डब्यात बरी." लेकीने मान डोलावली. मीही डोलावली.

आता खरं लिहिते, इथे कोण बघतंय. दोघं गेले की मी माझं मरियामातेची मूर्ती कोरलेलं छोटं मेडल ठकूच्या झबल्याला आतून लावते. पाठीवर, मानेच्या खाली, तिचा हात पोचणार नाही अशा जागी. सेफ्टी पिनने. संध्याकाळी लेकीची चावी वाजायच्या आत काढून घेते. चोरच आहे मी. पण सारा जन्म लॉन्ड्रीत कपडे हाताळण्यात गेला, पिन कशी लावायची हे मला कुणी शिकवू नये.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठकू आज पुढे रांगली. एक हात, दुसरा हात, मग भिंत. भिंतीचा पापा घेतला.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी घरी येऊन मेडलांचा डबा काढला. ठकू मोठी झाली की तिला कुठलं द्यायचं ते बघू म्हटलं. बिस्किटांचा जुना डबा आहे, झाकणावर घोडागाडी, घोड्याचं तोंड घासून गेलेलं. आत नुसता खुळखुळाट. यातलं एकही मी विकत घेतलेलं नाही. आमच्या घरात मेडल आपलं आपण घेत नाही, कुणीतरी द्यावं लागतं. कुणी तीर्थाला गेलं की दहा-बारा आणतं, फादरांचा आशीर्वाद घेतं आणि वाटत सुटतं. फुकटात तुमच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं ती.

संत अंतोनीचं शेजारणीने दिलेलं, माझा चष्मा हरवला तेव्हा. तो हरवलेलं शोधून देतो म्हणतात. चष्मा डोक्यावर होता, पण तो सापडला हे खरं. संत जेरार्डचं लेकीच्या वेळी दिवस गेले तेव्हा एका सिस्टरने दिलं, ते मी पुढे लेकीला दिलं, ठकूच्या वेळी. दोन बायका आणि दोन बाळं एका मेडलावर निभावली. नवऱ्याचं संत योसेफचं होतं, ते मी त्याच्यासोबतच शवपेटीत ठेवलं. दोघंही सुतार. म्हटलं तिकडे गेल्या गेल्या ओळख निघेल, बिचारा नवीन ठिकाणी बुजायचा.

मीही वाटते. नळवाल्याला दिलं, बस चालवणाऱ्याला दिलं. नळवाला म्हणाला, मावशी, मी तुमच्यातला नाही. मी म्हटलं, मेडल कुठे विचारतंय? ते त्याने चाव्यांच्या जुडग्यात अडकवलं. अजून आहे.

मागच्या रविवारी फादर प्रवचनात म्हणाले की मेडल म्हणजे ताईत नव्हे. मेडल बाळाला सांभाळत नाही, बाळाला तुम्ही सांभाळायचं, मेडल फक्त त्याची आठवण करून देतं. आता एवढ्या लोकांत फादरांना बाळच का आठवावं? मी मान डोलावली. फार डोलते माझी मान अलीकडे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक लवकर आली, डोकं दुखत होतं तिचं. मी धांदलीत निघाले. बसमध्ये सारखं वाटत राहिलं काहीतरी राहिलं. चष्मा होता. पिशवी होती. घराची किल्ली होती. म्हातारपण, दुसरं काय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठकू दवाखान्यात. आता धोका नाही म्हणाले. हात चालत नाही माझा.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहिते. न लिहिता डोक्यात तेच ते फिरतंय.

काल सकाळी गेले तेव्हा लेक बूट घालता घालता म्हणाली, "आई, सकाळी हिने दूध घेतलं नाही नीट. दात येत असतील." दोघं गेले. मी ठकूला उचललं आणि सवयीने पाठीवर हात फिरवला. तेव्हा आठवलं. गुरुवारी मेडल काढायचं राहिलं!

अंगावर दुसरं झबलं होतं. गुरुवारचं धुण्याच्या टोपलीत. ते उलटं केलं, सुलटं केलं, झटकलं. पिन नाही, मेडल नाही. टोपली रिकामी केली. पलंगाखाली वाकले, चादर झाडली. आणि मागे ठकू बसलेली, हनुवटीवरून लाळेची धार. चमच्याने पाणी दिलं तर ओठातून परत आलं. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

मला तेव्हाच कळलं. हे लिहायला मला अख्खा दिवस लागला, पण तेव्हाच कळलं.

आणि मी फोन केला नाही.

मनात म्हणत राहिले, दातच असतील. लेक म्हणाली ना दात. तिला मांडीवर घेतलं, पाठ चोळली, बोटाने हिरड्या बघितल्या. मग रोझरीची जपमाळ घेऊन बसले! फोन हाताशी, आणि मी रोझरी घेतली. देवाला फसवायला निघाले होते की स्वतःला, कुणास ठाऊक. फोन केला की लेक विचारणार, कसलं मेडल, कुठलं मेडल. जावयाचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. मी पकडली जाणार, एवढंच दिसत होतं. एवढंसं बाळ समोर, आणि मी माझी अब्रू सांभाळत होते.

दुपारी लेकीचाच फोन आला, रोज जेवणाच्या सुट्टीत करते तसा. ठकूचा श्वास फोनमधून ऐकू गेला तिला. "आई, आवाज कसला येतोय?" मी म्हटलं, सर्दी असेल. तिने फोन ठेवला. थोड्या वेळात दोघंही दारात.

दवाखान्यात फोटो काढला छातीचा. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला. काळ्यात पांढरं, अंड्याच्या आकाराचं, आणि वर इवलीशी कडी. "नाणं नाही हे," त्या म्हणाल्या. "लॉकेटसारखं काही घालत होतात का बाळाला?"

"माझं आहे," मी म्हटलं. "मेडल. मीच लावलं होतं झबल्याला. पिन पण होती."

पिन पोटात नाही म्हणाल्या. तेवढे देवाचे उपकार.

जावई फोटोकडे बघत राहिला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने, ओरडला असता तर सोसलं असतं. लेकीने विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "आत्ता. फोटो बघून."

हे लिहिलं आता. पुसणार नाही.

ठकूला झोपेचं औषध देऊन आत नेलं. नळी घालून काढलं. आम्ही तिघं बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, सगळं ठीक म्हणाल्या, आणि झाकणाची एक छोटी बाटली जावयाच्या हातात दिली. "मला दाखवू नकोस ते," लेक म्हणाली. त्याने ती खिशात टाकली आणि हात खिशातच ठेवला. मी निघेपर्यंत काढला नाही. मनात म्हटलं, किळस आली असेल त्याला, माझी आणि माझ्या देवाची.

९ फेब्रुवारी, रविवार

मिस्साच्या आधी फादरांपुढे गुडघे टेकले पापनिवेदनाला. मेडलचं सांगितलं. चोरून लावत होते, सांगितलं. ती सकाळ जिभेवर आली आणि तिथेच बसली. फादर म्हणाले, प्रेमापोटी झालं, देव समजून घेतो. प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला दिल्या. लहानशा चुकीची लहानशी शिक्षा घेऊन मी उठले, खोटं दुखणं सांगून औषध घेऊन आल्यासारखी.

ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक रांगेत गेले. मी बाकावरच बसून राहिले, पाप लपवून तो घेता येत नाही. शेजारणीने कोपराने ढोसलं, "अगं, ऊठ की." मी म्हटलं, गुडघा धरलाय. हेही खोटंच. चर्चमध्ये, देवासमोर, गुडघ्याच्या नावावर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. ठकू घरी आली, दूध पिते, हसते. मग म्हणाली, "आई, तू काही दिवस येऊ नकोस. आम्ही पाळणाघर बघितलंय."

"बरं," मी म्हटलं.

"तो काही बोलला नाही हां तुझ्याबद्दल. मीच ठरवलं."

"बरं."

"जेवलीस का?"

हे तिने विचारायला नको होतं. तोवर मी नीट होते.

मग ठकूच्या कानाला फोन लावला. आधी नुसता फुरफुर श्वास, नंतर ओला आवाज. फोन चाटत होती! लेक ओरडली, शी शी, आणि फोन बंद झाला. एवढं ऐकून दिवसभर पुरलं मला. तिच्या घशातून आवाज नीट येतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डबा पिशवीत घालून फादरांकडे गेले. ते बागेत पाईप धरून उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"फादर, हा डबा ठेवून घ्या."

"काय आहे?"

"मेडलं. मला नकोत."

"मग मी काय दुकान काढू?"

पाणी बंद करून ते पायरीवर बसले. मला वाटलं आता ताईताचं प्रवचन होणार. तर त्यांनी डबा उघडला, एक मेडल उचललं आणि विचारलं, "हे कुणी दिलं?" मी सांगितलं. दुसरं उचललं, "आणि हे?" तेही सांगितलं. लॉन्ड्रीत माझ्याशेजारी इस्त्री करणारी होती तिचं, ती दम्याने गेली. धाकट्या दिराचं, त्याचं नि माझं कधी पटलं नाही, पण परदेशातून आला तेव्हा आणलं त्याने. एक माझ्या आईचं, मरियेचा चेहरा पार झिजलेला, आई ते सारखं अंगठ्याने चोळायची. असं करत करत डब्याचा तळ आला.

फादर म्हणाले, "बघा. हे परत कुणाला करणार तुम्ही? मला कशी चालतील? माझी कुठे आहेत ही माणसं."

तेव्हा सांगावंसं वाटलं. फादर, या सगळ्या माणसांनी मला जीव लावला आणि मी नातीसमोर गप्प बसले. तोंड उघडलंही. तेवढ्यात कुणीतरी लग्नाची तारीख मागायला आलं. डबा घेऊन परत आले. रस्ताभर खुळखुळत होता, लोक बघत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोनदा फरशी पुसली. ठकूशिवाय दिवस संपतच नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चॉकलेटी झगा इस्त्रीला काढला. त्या गुरुवारी त्यांच्याकडे घालून गेले होते तोच. खिशाचं अस्तर बाहेर ओढलं तर बोटाला टोचलं. पिन. पिनेत मेडल. मरियामाता.

खुर्चीत बसले. आणि हळूहळू आठवलं. लेकीची चावी वाजली, ठकू मांडीवर होती, मी पाठीमागून पिन ओढली आणि ठेवायला वेळ नव्हता म्हणून माझ्याच खिशात आत टोचली. हाताने केलं, डोक्याला पत्ता नाही. जन्मभर पिना अशाच कुठेकुठे टोचून ठेवल्यात मी.

आधी हायसं वाटलं. उठून फोनसुद्धा घेतला. आणि मग थांबले. लेकीला काय सांगू? मेडल माझं नव्हतं म्हणून? ती विचारेल, मग तू लगेच "माझं आहे" कशी म्हणालीस? कारण मला सकाळपासूनच तसं वाटत होतं. सकाळपासून! झालं ना मग. माझं मेडल सापडलं म्हणून ती सकाळ थोडीच बदलली. मी तर धरूनच चालले होते की ठकूने गिळलंय, आणि तरी बसून राहिले.

आणि माझं नव्हतं, तर त्या फोटोत होतं काय?

फोन ठेवून दिला. झगा तसाच, अर्धा इस्त्री केलेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी जावई आला. आत ये म्हटलं तरी बूट घालून दारातच. खिशातून ती बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. आत संत ख्रिस्तोफर, बाळाला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा, प्रवाशांचा संत. लग्नात मीच दिलेलं त्याला. वर-खाली करतोस तोही प्रवासच, म्हटलं होतं.

"पाळण्याला बांधलं होतं मी," तो म्हणाला. "आतून, गादीच्या आड. तुम्ही घरी गेलात की मला भीती वाटायची, आई. दोरा कच्चा निघाला."

मी बाटली उजेडाकडे धरली.

"फोटो बघितल्याबरोबर ओळखलं. पण तुम्ही एकदम माझं आहे म्हणालात. आणि मी... मी बोललोच नाही. आता सांगतो तिला. तुमची काही चूक नव्हती."

मान डोलावली असती तर सुटले असते. "होती," मी म्हटलं. आणि रिकामी टोपली, लाळ, रोझरी, सगळं सांगितलं त्याला. लेकीशी बोललेलं खोटंही. तो ऐकत राहिला. खाली बघितलं नाही त्याने.

"हे तिला सांगाल?"

"तू सांगशील?"

दोघं मिळून गेलो. त्यांच्या दारात उभे राहिलो. त्याच्या खिशात चावी होती, काढेना. आतून ठकूच्या ओरडण्याचा आवाज येत होता, भांडी वाजवत असावी.

"आई, तुम्ही आधी," तो म्हणाला.

"तू आधी."

बेल मी दाबली.